ट्रेलर सपाट करून पाठव

प्रिय मिस्त्री,

आधी हे पत्र वाच, मग ट्रेलरकडे बघ. ट्रेलर घेऊन येणाऱ्या ग्रिलवाल्याला तसं बजावून सांगितलंय, पत्र हातात दिल्याशिवाय हुक सोडायचा नाही म्हणून. तो हो म्हणालाय, पण त्याच्या 'हो'चा अर्थ तुला माहीतच आहे. आपल्या खिडकीला जाळी बसवायला उद्या येतो म्हणून गेला, तो डासांचे दिवस संपल्यावर उगवला होता.

पत्र बघून तू दचकला असशील. आपण कधी एकमेकांना पत्रं लिहिली? एका घरात होतो तेव्हा फ्रिजच्या दारावर माझ्या चिठ्ठ्या असायच्या, गॅस संपला, मागचा नळ गळतोय, आणि त्याखाली तुझं एका शब्दाचं उत्तर, 'बघू'. वेगळे झाल्यावर मधे ताई आली. तुझी ताई बिचारी आपल्या दोघांचं पोस्ट ऑफिस झालीय. तुझा खोकला मला कळवते, माझी गुडघेदुखी तुला कळवत असणार. मागे आली तेव्हा तिने तुझा निरोप आणला, तोही दोन तुकड्यांत. पहिला तुकडा चहाआधी: त्याला ट्रेलर हवाय. त्यात अवघड काही नव्हतं. ट्रेलर तुझ्या हातचा, तुझ्या लोखंडाचा, मी फक्त वापरत होते. कशाला हवाय म्हणून विचारलं तर म्हणाली, असेल काहीतरी काम. दुसरा तुकडा चहा संपल्यावर, पायात चप्पल सरकवताना: ट्रेलरच्या पत्र्यावर ते लोखंडी अँगलचे तुकडे जोडलेत ना, ते कुणाकडून तरी कापून घे आणि सपाट करून पाठव, असं म्हणालाय.

कुणाकडून तरी. मिस्त्री, तू सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोखंड कापतोस. तुझ्या शर्टांना ठिणग्यांची भोकं पडलेली असतात, ती रफू करायचा नाद मी सोडला त्यालाही बरीच वर्षं झाली. तुझ्या बाकावर तीन ग्राइंडर. आणि तू स्वतःच जोडलेले तुकडे कापायला मला माणूस शोधायला सांगतोस. मी ताईला तसं म्हटलं, तर ती परत आत आली आणि माझ्या दोरीवरचे कपडे काढून घड्या घालायला लागली. कपडे अजून ओले होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं की काहीतरी आहे, पण तुझ्या घरातल्या माणसांच्या पोटातलं ओठांवर आणायला ज्या चिकाटीची गरज असते ती माझ्यात आता उरली नाही. मी इतकंच सांगितलं की ट्रेलर पाठवते, पण थोडे दिवस थांबा, माझं त्याच्यावर एक शेवटचं ओझं आणायचं आहे.

ते ओझं म्हणजे ट्रॅक्टर. हो, घेतला. शेवटी घेतला. माझ्या भाऊने दिलेला जुना ट्रॅक्टर गेल्या वर्षभर नुसता रुसून बसला होता. सकाळी त्याची मनधरणी करता करता रोपांना पाणी घालायची वेळ टळून जायची. शेवटी भाऊच येऊन त्याला ओढत घेऊन गेला, आणि जाताना मला म्हणाला की आता तुझं तू बघ. त्याचंही बरोबर आहे. रोपवाटिका वाढलीय. मागच्या उतारावर फळझाडांची कलमं आहेत, ओढ्याकडच्या बाजूला मी सावलीची जाळी टाकलीय, आणि मातीच्या गोण्या हातगाडीवरून तिथवर न्यायच्या म्हणजे कामाला असलेल्या दोघी बायका माझ्याकडे अशा बघतात की मलाच लाज वाटावी. मग गेले जुन्या यंत्रांच्या यार्डात. तोच यार्ड, जिथे तू शनिवारची दुपार घालवायचास. यार्डवाल्याने मला एकाहून एक चकाचक ट्रॅक्टर दाखवले, एकाच्या सीटला तर अजून प्लास्टिक होतं. आणि मी सरळ कोपऱ्यातल्या निळ्या, बसक्या, रुंद ट्रॅक्टरकडे चालत गेले. बोनेटचा रंग उडालेला, एक दिवा फुटका. तू म्हणायचास ना, घ्यायचा तर हाच, बाकीचे नुसते दिसायला. मी वाकून खालून बघितलं, तू बघायचास तसं, मान वाकडी करून. मला काडीचं कळलं नाही, पण यार्डवाल्यावर छाप पडली. तुझ्यावर इतका राग धरून बसलेली बाई, आणि इतक्या वर्षांनी खरेदी करायची वेळ आली तेव्हा तुझ्याच बोटाने दाखवलेली वस्तू उचलून आणली. मला तिथेच हसू आलं. हसू म्हणजे काय, तू समज.

तुला आठवतं का, या ट्रॅक्टरवरून मी तुझं डोकं किती खाल्लं होतं? तेव्हा आपली जागा नवी होती, सगळं हातावर चाललेलं. मी पाठीला पट्टा बांधून माती ओढायचे आणि रात्री तू मलम चोळायचास. मलम चोळता चोळता मी म्हणायचे, ट्रॅक्टर घेऊया ना. तू म्हणायचास, बघू. पुढच्या हंगामाला पुन्हा तेच. बघू. तुझ्या 'बघू'वर माझा इतका जीव जळायचा की मी ते शब्दकोशातून खोडून टाकलं असतं. माझ्या माहेरी 'बघू' म्हणजे 'नाही'. वडील असेच म्हणायचे, आणि त्यांनी 'बघू' म्हटलेली एकही गोष्ट आम्ही कधी बघितली नाही. तुझ्या घरी त्याचा अर्थ काय होता हे मी कधी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. शनिवारी दुपारी तू गायब व्हायचास, अंगाला ऑइलचा वास घेऊन परत यायचास, कुठे होतास विचारलं तर म्हणायचास, इथेच होतो, यार्डात. मला वाटायचं, पत्ते कुटत बसत असशील त्या यार्डवाल्याबरोबर. शर्टच्या पाठीला मातीचे डाग असायचे. जमिनीवर बसून पत्ते खेळणाऱ्याच्या पाठीला माती कशी लागेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

आणि मग तू ट्रेलर केलास. किती दिवस तुझ्या शेडमधून ठिणग्या उडत होत्या. मी विचारलं की म्हणायचास, जरा ओझी न्यायला काहीतरी करतोय. ज्या दिवशी तो बाहेर काढलास, त्या दिवशी नेमकी घरात माणसं होती. भाऊ-वहिनी, ताई, शेजारचे, सगळे जेवायला. तू तो ओढत अंगणात आणलास आणि बाजूला उभा राहिलास, हात पुशीत. मी बघितलं. एवढा मोठा, एवढा रुंद, चार कोपऱ्यांना चार दांड्या, आणि आपल्याकडे न्यायला काय, तर कुंड्या. मी म्हटलं, मी ट्रॅक्टर मागितला तर यांनी खाट केली. सगळे खो-खो हसले. तूही हसलास. मला अजून दिसतोय तुझा चेहरा, तू खरंच हसत होतास. त्यानंतर त्याचं नाव खाट पडलं ते पडलंच, तूही खाट काढ, खाट लाव, असंच म्हणायचास. त्याच जेवणात भाऊने विषय काढला की माझा जुना ट्रॅक्टर पडूनच आहे, तू ने. मी ताटावरच हो म्हणाले. तुला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, मला वाटलं तुझ्या डोक्यामागची कटकट गेली, तू सुटलास. त्याच आठवड्यात भाऊचा ट्रॅक्टर दारात आला. तू त्याचं ऑइल बदलून दिलंस आणि ब्रेक घट्ट करून दिलेस.

आता त्या दिवशीचं सांगते. पिकअपला ट्रेलर मी एकटीने जोडला, हे आधी नमूद करते. पिकअप मागे घेताना ट्रेलरचा हुक पहिल्या झटक्यात पिकअपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसला, आणि बघायला कुणी नव्हतं. तू असतास तर म्हणाला असतास, नशीब. ताईला बरोबर घेतलं होतं. म्हणजे ती आपणहून आली. मांडीवर पर्स, पर्सवर पाण्याची बाटली, आणि बाटलीवर दोन्ही हात, जसं काही ट्रॅक्टर तीच मांडीवर घेऊन येणार होती. यार्डात चढायच्या लोखंडी फळ्या लावल्या, यार्डवाल्याचा ड्रायव्हर ट्रॅक्टर घेऊन वर चढला, आणि ते अँगलचे तुकडे चाकाला लागले तसा थांबला. म्हणाला, बाई, हे मधे काय लावून ठेवलंय? मी म्हटलं, त्याचं मलाही कोडं आहे. इतकी वर्षं त्या तुकड्यांना पाय अडखळून मी तुझा उद्धार केलाय. दोन-दोनच्या जोडीने आठ तुकडे, जेमतेम दोन बोटं उंच, ना धड कठडा ना धड पायरी. कुंड्या ठेवल्या की वाकड्या बसायच्या. ड्रायव्हर म्हणाला, चला, निदान याच्यापुढे सरकायचा नाही. चाकं अडली तिथेच त्याने पट्टे ओढून बांधले. पट्टे अडकवायला पत्र्याला आठ-दहा कड्या होत्या, पण एकही पट्टा सरळ येईना, सगळे तिरपे. त्याने तुझ्या कारागिरीबद्दल जे उद्गार काढले ते मी लिहीत नाही. ताई मात्र खिडकीतून मान बाहेर काढून बघत होती आणि काहीतरी बोलावं की नाही अशा चेहऱ्याने परत आत गेली.

पुलापर्यंत सगळं छान चाललं होतं. पुलानंतर तो लांब उतार लागतो ना, तिथे एक मालवाहू ट्रक आम्हाला ओलांडून गेला, त्याच्या हवेचा धक्का बसला, आणि ट्रेलरने शेपूट हलवली. आधी थोडी, मग जास्त, मग अख्खा पिकअपच मागून कुणी खेचतंय तसा डावीकडे-उजवीकडे व्हायला लागला. आरशात निळं बोनेट एकदा या बाजूने दिसायचं, एकदा त्या. ताईने बाटली घट्ट धरली, पण तोंडातून शब्द काढला नाही, तेवढं मात्र तुमच्या घराण्याचं मानलं. माझा पाय ब्रेककडे गेला होता, मिस्त्री. अगदी टेकला होता. आणि मला तू आठवलास. त्या मोकळ्या मैदानावर मला ट्रेलर शिकवताना तू जे सांगितलं होतंस ते. त्याने शेपूट हलवली तर ब्रेकला पाय लावायचा नाही. स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. घाबरून वेग वाढवायचा नाही. नुसता रेसवरचा पाय उचल, स्टिअरिंग सरळ धर, आणि त्याला स्वतःहून शांत होऊ दे. आपल्या सगळ्या संसारात तू मला सलग केलेलं ते सगळ्यात लांब भाषण. मी पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरलं, आणि तू शेजारी बसला असल्यासारखी वाट बघितली. हळूहळू तो शांत झाला. खाली सपाटीला एका पंक्चरच्या दुकानासमोर मोकळी जागा होती, तिथे गाडी घेतली.

तिथे उभी राहून मी ट्रेलरकडे बघत होते आणि तुझ्या भाषणाचा दुसरा भाग आठवत होते. वजन मागे गेलं की पुढचा हुक हलका होतो, आणि हुक हलका झाला की शेपूट हलते. वजन चाकांच्या जरा पुढे बसलं पाहिजे. म्हणजे ट्रॅक्टर पुढे घ्यायला हवा होता, आणि मधे हे आठ तुकडे. मी पंक्चरवाल्याकडून पट्टे सैल करून घेतले आणि स्वतः वर चढून सीटवर बसले. म्हटलं, चढला या तुकड्यांवरून तर चढला, फार तर काय, तिरपा उभा राहील. चावी दिली, गिअर टाकला, क्लच हळूच सोडला. पुढची चाकं तुकड्यांवरून वर झाली, मागचीही झाली, आणि मग चारही एकदम खाली बसली. मिस्त्री, चारही. एकेका चाकाच्या पुढे एक तुकडा, मागे एक तुकडा, आणि मधे चाक असं बसलं की बोटभरही फट नाही. मी खाली उतरले. पुढच्या चाकांतलं अंतर वेगळं, मागच्यांतलं वेगळं, आणि तुकडे बरोबर त्या त्या अंतरावर. ज्या कड्यांना पट्टे तिरपे जात होते त्या आता ॲक्सलच्या अगदी सरळ रेषेत. पंक्चरवाला म्हणाला, हे तर या गाडीसाठीच बनवलंय. त्याला काय माहीत. तो आपला सहज बोलला आणि त्याच्या ट्यूबकडे परत गेला.

ताई पिकअपमधून उतरली होती. पर्स गाडीतच ठेवून आली होती, म्हणजे विचार कर. मी तिच्याकडे बघितलं आणि ती रडायलाच लागली. मग सगळं बाहेर आलं. तू शनिवारी यार्डात या मॉडेलच्या खाली आडवा पडून टेप लावत होतास. यार्डवाल्याला शब्द दिला होतास. ट्रेलर आधी केलास, कारण तुला ट्रॅक्टर दुसऱ्याच्या गाडीवर घालून आणायचा नव्हता. माझ्या वाढदिवसाला आणायचा होता, आपल्या ट्रेलरवरून, माझ्या दारात. ताईला एकटीला माहीत होतं आणि तिला तू शपथ घातली होतीस. आणि मग त्या जेवणात भाऊ बोलला, मी हो म्हणाले, आणि सगळे गेल्यावर तू ताईला अंगणात सांगितलंस ते तिने मला तिथे रस्त्यावर जसंच्या तसं सांगितलं.

"तो म्हणाला, तिची सोय झालीय, आता कशाला."

एवढंच. दुसऱ्या दिवशी जाऊन यार्डवाल्याला दिलेला शब्द सोडवून घेतलास.

मिस्त्री, मी तुझ्यावर चिडले. तिथे पंक्चरच्या दुकानासमोर उभी राहून, गाड्या शेजारून जात असताना, मी तुला इतकं बोलले की ताईने माझा हात धरला. अरे, तोंड उघडलं असतंस तर काय दात पडले असते? एक वाक्य. मी तुझ्यासाठी ट्रॅक्टर बघून ठेवलाय. भाऊचा ट्रॅक्टर मी त्याच पावली परत पाठवला असता. मला ट्रॅक्टर नको होता रे, म्हणजे हवा होता, पण त्याच्याहून जास्त मला हे हवं होतं की तुला माझी पाठ दिसते आहे. आणि तुला ती दिसत होती. तू ती टेपने मोजून, कापून, जोडून, माझ्यासमोर अंगणात आणून उभी केली होतीस, आणि मी तिला खाट म्हटलं. मग तू हसलास. का हसलास? एकदा तरी रागवायचं होतंस. त्यानंतर तू लांबच्या कारखान्यात काम धरलंस, आधी आठवड्याला यायचास, मग महिन्याला, मग मला वाटायला लागलं की याला इथे यायचंच नाही, आणि तुला वाटायला लागलं की हिचं आपल्यावाचून काही अडत नाही. दोघंही मूग गिळून बसलो. वेगळं व्हायच्या कागदांवर सह्या करायच्या दिवशीसुद्धा तू माझं पेन मागून सही केलीस आणि पेन न विसरता परत दिलंस. मी तेव्हा मनात म्हटलं, याला काहीच वाटत नाही, पेनसुद्धा आठवणीने देतोय.

तिथून पुढे घरापर्यंत ट्रेलर रेषेत चालला. अगदी आज्ञेत. उतार आला, वळणं आली, आणखी दोन ट्रक गेले, तो ढिम्म. तुझ्या कामात बोट ठेवायला जागा नसते हे मला आधीही माहीत होतं, पण त्या रस्त्यावर ते ऐकवायला तू नव्हतास. फाटकातून मागे घेताना मात्र एकदा अडकले. तू मागे उभा राहून हात हलवायचास, दोन बोटं म्हणजे थोडं डावीकडे, मूठ म्हणजे थांब, ते मला अजून येतं, पण आपलेच हात आपल्याला आरशात कसे दिसणार? ताईला उभं केलं, तर ती सगळ्याला ये ये म्हणते. शेवटी घुसवला एकदाचा. ट्रॅक्टर खाली उतरवला, दोघी बायका बघायला आल्या, एकीने बोनेटवरून हात फिरवला, आणि मी आत जाऊन चहा टाकला, कारण दुसरं काही सुचेना.

चहा पिताना ताईने राहिलेलं सांगितलं. ट्रेलर कशाला हवाय ते. तू घर हलवतोयस, आणि एकटा नाहीस. तुझ्याबरोबर जी आहे ती शिवणकाम करते, कारखान्यात असतं तसलं जड मशीन आहे तिचं, लोखंडी पायांचं, आणि एक मोठं कपाट. म्हणून पत्रा सपाट हवा. ती चांगली आहे, असं ताई म्हणाली, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, तशी ठीकच. ताईला सांग, मला चांगली चालेल. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. ताई गेल्यावर बराच वेळ मी ट्रॅक्टरच्या सीटवर नुसती बसून होते, इंजिन बंद करून. ट्रॅक्टर माझा, अंगण माझं, सगळं जसं हवं होतं तसं, आणि त्यात तू नाहीस, आणि आता येणारही नाहीस हे पहिल्यांदा नीट कळलं. इतकी वर्षं वेगळे आहोत, तरी आतापर्यंत कुठेतरी तेसुद्धा 'बघू'च होतं.

आणि हे पत्र का, ते आता सांगते. मला आधी वाटलं, ट्रेलर आहे तसा पाठवावा. वर चिठ्ठी लावावी, तुझं वेल्डिंग आहे, तुझं तू काप. रागात तसं ठरवलंही होतं. मग रात्रभर पडल्या पडल्या तुझे ते शब्द डोक्यात फिरत राहिले, कुणाकडून तरी कापून घे, आणि सकाळी उठले तेव्हा माझा राग राहिला नव्हता. ज्याच्या बाकावर तीन ग्राइंडर आहेत तो माणूस असं का म्हणेल, हे मला कळलं. तुला ते कापवणार नव्हतं. म्हणून मी ग्रिलवाल्याला बोलावलं. त्याने चष्मा लावला, तुकड्यांना हात लावून बघितला आणि मला विचारलं, नक्की ना, इतकं चांगलं जोडलेलं कापायला जिवावर येतं. मी म्हटलं, काप. शेवटचा तुकडा सुटेपर्यंत मी तिथेच उभी होते, ठिणग्या पायावर येत होत्या तरी. आठही तुकडे मी ठेवून घेतलेत. शेडमधल्या फरशीत बसवून घेणार आहे, त्याच अंतरावर, माझा ट्रॅक्टर त्यातच उभा राहील. आता तू ट्रेलरकडे बघशील तेव्हा तो सपाट दिसेल, आणि पत्र नसतं तर तुला वाटलं असतं की हिला कधीच कळलं नाही, ते तुकडे कापले आणि भंगारात टाकले. मला कळलं आहे. तू ज्यासाठी तो ट्रेलर केलास ते काम त्याने एकदा केलं, आणि चोख केलं. कड्या तशाच ठेवल्यात, सामान बांधायला लागतील. जिथे कापलं तिथे मी ग्रिलवाल्याकडून दोनदा घासून घेतलं आणि स्वतः हात फिरवून बघितला, कुठे धार राहिलेली नाही. तिच्या मशीनच्या पायांना चरा पडणार नाही. फक्त मशीन जरा पुढे ठेव.

एकेकाळची तुझीच,
रोपवाली